मोठ्या सरांची तहान

मोठ्या सरांना तहान लई. उन्हाळ्यात तर ती भागायचीच न्हाई. सायकल घेऊन गल्लीत यायचे, पण सायकलीवर कधी बसायचे न्हाईत, हातात धरून चालवत आणायचे. म्हणायचे, सायकलीवर बसलं की रस्ता दिसतो, घरं दिसत न्हाईत. कुणाच्या बी दारात हुबं राहायचे आन म्हणायचे, "पाणी मिळंल का?"

आतून बाई तांब्या-फुलपात्र घेऊन यायची. सर पहिला घोट तोंडात धरायचे, डोळे मिटायचे. गिळायच्या आदी जरा येळ जायचा. मंग म्हणायचे, "मागच्या नळाचं हाय." बाई म्हणायची, हाव सर, मागच्याच नळाचं. तवा कुठं बाकीचं प्यायचे, फुलपात्र उपडं करून झटकायचे आन परत द्यायचे. चहा विचारला तर हात जोडायचे. चहाची लाच होती, पाण्याची होत न्हाई, असं त्यांचं म्हणणं.

गल्लीत नव्यानं आलेल्यांना वाटायचं, ह्यांना साखरेची बिमारी हाय. एका दुकानदारानं बाजूला घेऊन त्यांना कारल्याचा रस प्यायला सांगितलं. सर म्हणाले, "रस राहू द्या, पाणी असंल तर द्या." दुकानदार म्हणाला, दुकानात पाणी न्हाई, घरी हाय. सर म्हणाले, मंग तुमचं घर दुसरीकडं हाय. आन निघून गेले. तो माणूस दुकानाच्या पत्त्यावर पोराचं नाव शाळेत घालायला बघत होता, हे मागून समजलं.

आता मी नांदेडला असते. इथं परवा शेजारीण रडत बसली होती. तिच्या नातवाचा नंबर शाळेच्या सोडतीत लागला न्हाई. कॉम्प्युटरमधून चिठ्ठी निघती म्हणे. मी म्हणले, रडू नको, कॉम्प्युटरचा राग धरून काय करती. ती म्हणाली, तेच तर, राग तरी कुणाचा धरायचा? तवा मोठे सर आठवले. त्यांचा राग धरता येत होता. अर्ध्या लातूरनं धरला होता.

सर आमच्या गल्लीच्या मागच्या शाळेचे हेडमास्तर. पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, काखेत छत्री, पाऊस असो नसो. पहिलीतल्या पोरांना ते अहो-जाहो करायचे. "अहो बाळासाहेब, नाक पुसा." "अहो शारदाताई, पाटी खाऊ नका." पोरांच्या बापांना पण अहोच म्हणायचे, पण त्यात फरक होता. पोरांना म्हणायचे तवा मनापासून म्हणायचे.

ते दिवस असे होते की लातूरात क्लासचं पेव फुटलेलं. जिथं जागा दिसंल तिथं पत्र्याचं शेड, शेडाबाहेर पोरांचे फोटो, फोटोखाली मार्क. उदगीर, निलंगा, देवणीकडून पोरं यायची, तिकडून मुदखेड-हिमायतनगरकडून बी यायची. ती मोठी पोरं, अकरावी-बारावीची. पण मंग लोकांच्या ध्यानात आलं की ह्या शाळेचंच हायस्कूल हाय, हायस्कूलला लागून कॉलेज हाय. पहिलीच्या डब्यात बसलं की गाडी न बदलता बारावीला उतरता येतं. मंग काय. पोराला चड्डीची नाडी बांधता येत न्हाई आन बाप सांगायचा, डॉक्टर करायचाय.

शाळेचा नियम असा की जवळ राहणाऱ्याचं पोरगं आदी घ्यायचं. जागा उरली तर लांबचं. जागा काही उरत न्हवती. म्हणून लोकांनी जवळ राहायला यायचं ठरवलं. राहायला म्हंजे काय, खोली घ्यायची, कुलूप लावायचं आन भाड्याची पावती शाळेत दाखवायची. माणसं गावाकडं, कुलूप लातूरला. आमच्या गल्लीत तर माणसांपेक्षा कुलपं जास्त झाली होती.

सर म्हणायचे, कागदाला तहान लागत न्हाई. त्यांची रीत अशी होती. लातूरात नळ रोज येत न्हवता. आठ दिसांनी यायचा, कधी त्याहून उशिरा. आला की सगळी गल्ली धावायची. घागरी, हंडे, हौद, पिपं, पोरांच्या दप्तरातल्या बाटल्या बी भरून ठिवायच्या. मंग ते पाणी पुढच्या नळापर्यंत पुरवायचं. म्हणून ज्या घरात माणूस खरंच राहतो त्या घरात शिळं पाणी असणारच. जो राहत न्हाई त्याच्याकडं पावती असंल, गॅसची शेगडी असंल, देवाचा फोटो बी असंल, पण शिळं पाणी नसायचं. "घर कशाला म्हणायचं?" सर म्हणायचे. "जिथं मागच्या नळाचं पाणी हाय, त्याला."

ही गोष्ट लोकांना समजली तवा त्यांनी पाणी बी आणलं. एका इंजिनेराच्या बायकोनं खोलीत नवा माठ, नवं पिंप, नवा हंडा, सगळं मांडलं. टँकरवाल्याकडून भरून घेतलं. सर आले, प्याले. म्हणाले, "पाणी हाय, घर न्हाई." ती बाई चिडली. सर म्हणाले, बाई, माठाला अजून भट्टीचा वास हाय. पिंपाच्या तळाला गाळ न्हाई. नळाच्या तोंडाला फडकं बांधलेलं न्हाई. आन तुमी मला पाणी द्यायला उठलात तर तांब्या कुठं हाय ते तुमालाच सापडंना.

बाईच्या नवऱ्यानं मोठ्या माणसाची चिठ्ठी आणली. सरांनी ती वाचली, घडी घालून परत दिली, म्हणाले, अक्षर चांगलं हाय.

त्यांच्या सख्ख्या नातवाचं बी तेच झालं. त्यांची लेक नांदेडला दिलेली, जावई मुदखेडला रेल्वेत. लेक दिवाळीला आली ती पोराला घेऊन राहिलीच. उन्हाळा आला तरी माहेरीच. शाळेपासून सरांचं घर जवळ, पोरगं तिथं राहून राहिलं, घरात पाणी शिळं. सगळं बरोबर होतं. पण सरांनी नाव घेतलं न्हाई. म्हणाले, तो पाहुणा हाय. पाहुण्याला पाणी देतात, बाक देत न्हाईत. लेक रडत परत गेली. सरांच्या मंडळींनी मंग सरांना घरात पाणी देणं बंद केलं. तांब्या मागितला की म्हणायच्या, "बाहेर पिऊन या. तुमाला घरोघरचं लागतं." सर बाहेर पिऊन यायचे. किती दिवस चाललं ते मला मालूम न्हाई, पण त्या उन्हाळ्यात त्यांची तहान जास्तच वाढली होती, हे गल्लीनं बघितलं.

माझं सांगायचं तर आमचं गाव भूकंपात पडलं. दगड-मातीची घरं होती, हातभर जाड भिंती. घरातले तिघं गेले, मालक, ल्योक आन सून. मी आन नात राहिलो. पोरगी अंगावर पिणारी होती, रडायली म्हणून मी तिला घेऊन अंगणात आले होते. त्याचं लई सांगत न्हाई.

पुढं सरकारनं नवं गाव बांधलं, शिमिटाची घरं दिली. मला बी मिळालं. घराला नंबर होता. मी त्यात भांडी ठिवली आन बाहेर झोपले. शेजारच्या बाया म्हणायच्या, ही भिंत पडत न्हाई गं. मी म्हणायची, बरं. आन बाहेर झोपायची. असं बरंच चाललं. मंग गावातल्या एकीनं सांगितलं की लातूरला खानावळीत भाकरी थापायला बाया लागतात, क्लासच्या पोरांसाठी. मी छबूला घेऊन लातूरला आले. छबू म्हंजे नात.

खोली मिळाली ती शाळेच्या मागच्या गल्लीत, पत्र्याची. मालकीणबाईंच्या आवारात अशा खोल्या होत्या, माझी सगळ्यात कडंची. खोलीचं दार गल्लीकडं. मागं मोकळी जागा, तिथं लिंबाचं झाड, आन झाडापलीकडं शाळेची कंपाऊंडची भिंत. मी खोली बघितली आन मागची जागा बघितली. मागं चूल मांडली, रांजण अर्धा जमिनीत पुरला, म्हंजे काही झालं तरी पडायचा न्हाई. झाडाखाली बाज टाकली. पावसाळ्यात वर ताडपत्री बांधायची. खोलीत सरपण भरलं आन बाहेरून कुलूप लावलं.

मालकीणबाई जिभेला तिखट. म्हणाल्या, "लोक सरपण बाहेर ठिवतात आन आत राहतात. तुझं सगळंच उलटं." मी म्हणले, सरपण कोरडं राहतंय की. त्या म्हणाल्या, "आन तू?" मी म्हणले, मी वाळते.

छबू सहा वर्षांची झाली. शाळेत घालायची येळ आली. मला डॉक्टर-बिक्टर काही करायची न्हवती. नगरपालिकेची शाळा होती, तिथं कुणालाबी घ्यायचे, पण ती मोठ्या रस्त्याच्या पलीकडं. मधी ट्रका, बसा. खानावळीतून तिथं पळत जायचं म्हणलं तरी रस्त्यातच हुबं राहावं लागंल. मागची शाळा मात्र खानावळीला बी जवळ आन झाडाला बी जवळ. तिथली घंटा मला भाकरी थापताना ऐकू यायची. पोरं पाढे म्हणायची ते बी ऐकू यायचे. जमीन हलली तर मी पोरीपर्यंत पोचले पायजे, एवढंच मला पायजे होतं. दुसरं काही मागितलं न्हाई. मी कचेरीत नाव देऊन आले. कचेरी पुढं, नव्या इमारतीत, व्हरांड्यातच काम झालं. आतली शाळा मी बघितली न्हाई.

सर पाणी प्यायला आमच्या आवारात आले त्या दिवशी मी खानावळीत होते, छबू माझ्याजवळ. काय झालं ते मालकीणबाईंनीच सांगितलं, सांगताना लई वाईट वाटलं असं काही दिसलं न्हाई. त्यांनी पुढची खोली तिघांना भाड्यानं दिली होती. एकाला ठाऊक न्हाई की दुसरा हाय. तिघांनी शाळेत एकाच खोलीचा पत्ता दिला. सरांनी तिघांना एकाच येळेला बोलावून घेतलं आन म्हणाले, "कुलपाची किल्ली कुणाकडं हाय?" तिघांनी बी खिशातून किल्ली काढली.

तिघं एकमेकाकडं बघून राहिले. सर म्हणाले, पाणी मिळंल का? मालकीणबाई पटकन आपल्या घरातून तांब्या घेऊन आल्या, म्हणाल्या, हे घ्या सर, ह्यांच्याच खोलीतलं. सरांनी घोट तोंडात धरला. म्हणाले, "मालकीणबाई, हे तुमच्या हौदाचं हाय. परवा पिलो होतो मी." तिघांतला एक देवणीचा, बैलबाजारातला दलाल. तो म्हणाला, "सर, पाण्याचंच असंल तर मी टँकर लावतो." सर म्हणाले, लावा, गल्लीला लई गरज हाय, पोराचं नाव मात्र यायचं न्हाई. टँकर काही आला न्हाई.

मंग सरांनी कडंच्या खोलीकडं बोट केलं. मालकीणबाई म्हणाल्या, तिथं एक बाई आन तिची नात राहतात, खरंच राहतात, देवाशप्पथ. हे खरं होतं. पण त्या दिवशी त्यांचं आदी दोनदा देवाशप्पथ म्हणून झालं होतं. सरांनी कुलूप बघितलं, खिडकीच्या फटीतून आत बघितलं. आत सरपण. ते गेले.

यादी शाळेच्या भिंतीला लागली. मला वाचता येत न्हाई. मालकीणबाई वाचून आल्या आन म्हणाल्या, "तुझं न्हाई."

मी भाकरीचं पीठ हाताला तसंच घेऊन गेले. सर कचेरीच्या पायरीवर छत्री वाळत घालत होते. पाऊस न्हवता, त्यांनी छत्री धुतली होती. मी सांगितलं, मी अमकी, माझी नात छबू, कडंची खोली.

सर म्हणाले, "बाई, मी बघितली. त्या खोलीत सरपण राहतं."

मी म्हणले, "हाव. सरपणच राहतं. आमी मागं राहतो, बाहेर."

"पावसात?"

"पावसात बी."

"का?"

मी गावाचं नाव सांगितलं. त्या नावाला लातूरात तवा दुसरं काही जोडावं लागत न्हवतं. सरांनी छत्री घेतली, ओलीच मिटली आन माझ्यासंगं आले.

ह्या येळेला ते मागून आले. चूल बघितली, बाज बघितली, ताडपत्रीच्या दोऱ्या बघितल्या. मी रांजणातलं पाणी दिलं. त्यांनी घोट तोंडात धरला, नेहमीपेक्षा जास्त येळ धरला. म्हणाले, "हे मागच्या न्हाई, त्याच्या मागच्या नळाचं हाय." मी म्हणले, हाव, जपून वापरते. ते म्हणाले, "हे घर हाय."

मला वाटलं, झालं काम. त्यांनी विचारलं, पोरीला काय करायचंय, डॉक्टर? मी म्हणले, न्हाई सर, हाक मारली तर ऐकू आली पायजे, एवढंच. सर रांजणाकडं बघून राहिले. मंग म्हणाले, "बाई, चूक माझी हाय. मी दारातून बघितलं, मागून बघितलं न्हाई. पण यादी लागली, शेवटचा बाक आता दुसऱ्या पोराचा हाय. त्याच्या घरचं पाणी बी मी पिलोय."

मालकीणबाई ओट्यावरून ऐकत होत्या. म्हणाल्या, "सर, इवलीशी पोर. बाकाच्या कडंला बसंल की." सर त्यांच्याकडं वळले, म्हणाले, "आज ही कडंला बसली की उद्या तुमचे तिघं बी कडंलाच बसायला येतील, किल्ल्या घेऊन." मालकीणबाई आत गेल्या.

सर मला म्हणाले, पुढच्या साली. मी फुलपात्र घेतलं, घासलं, उपडं ठिवलं. माझं बरोबर होतं, त्या पोराच्या आईचं बी बरोबर होतं. मला सरांचा राग आला. तो मी धरून ठिवला, पण कामाला अडचण व्हईल एवढा न्हाई.

ते वर्ष छबू खानावळीत माझ्याजवळ बसली. क्लासची पोरं जेवता जेवता तिला एबीसीडी शिकवायची, कुणी पाणी आणायला सांगायचं. आन सर येत राहिले. नळ आला की दोन-चार दिसांनी सर मागून यायचेच. आमच्याकडं काही तपासायचं राहिलं न्हवतं, तरी यायचे. बाकीच्या घरांना बी आता ते मागून जायला लागले. एका घरी मागं गेले तर बाई न्हात होती, तिनं आरडाओरडा केला. सरांनी छत्री उघडून तोंडापुढं धरली आन छत्रीच्या आडून विचारलं, "पाणी मिळंल का?" ही गोष्ट गल्लीत लई दिवस पुरली.

छबूला ते हाक मारायचे, "अहो छबूताई, पाणी द्या." ती दोन्ही हातांनी फुलपात्र धरून आणायची. थोडं सांडायची. सर सांडलेल्याकडं नुसते बघायचे. एकदा त्यांनी तिला विचारलं, "छबूताई, तुमी खोलीत कधी झोपलात का?" ती म्हणाली, "आत सरपण झोपतं." सर हसले न्हाईत. मालकीणबाई मात्र हसल्या, म्हणाल्या, "सर, ह्या रांजणाचा तळ तुमीच दाखवणार बघा." सर म्हणाले, तळ दिसला म्हंजे नळ यायची येळ झाली.

पुढच्या साली यादीत नाव आलं. मालकीणबाईंनी वाचलं, आन मी विचारलं न्हाई तरी पुन्हा जाऊन वाचून आल्या. मी छबूला न्हाऊ घातलं, तेल लावून येणी घातली आन शाळेत घेऊन गेले. कचेरीत सांगितलं, पहिलीचा वर्ग मागं. आमी मागं गेलो.

मागची इमारत जुनी, निजामाच्या टायमाची. काळा दगड. भिंत एवढी जाड की खिडकीत पोरगं आडवं झोपंल. दार बारकं. मी दारापाशी आले आन हुबी राहिले. दुसरी पोरं बाजूनं आत जात होती, काही रडत, काही पळत. छबूनं माझा पदर धरला होता. तिला आत जायचं होतं का न्हाई, हे मी तिला विचारलं न्हाई. वर्षभर वाट बघितली होती ती ह्या दारासाठी. आन माझा पाय उचलंना. जवळ शाळा पायजे, एवढंच मी धरलं होतं. शाळेला भिंती असतात हे ध्यानात घेतलं न्हवतं.

घंटा झाली. मास्तरीणबाईंनी दोनदा बोलावलं, मंग त्या सरांना घेऊन आल्या. सर आले, माझ्या बाजूला हुबं राहिले. मी जिकडं बघत होते तिकडं बघितलं.

म्हणाले, "बाक रिकामा हाय."

मी म्हणले, "सर, ह्या भिंती दगडाच्या हायेत."

"हाव."

"आमच्या बी दगडाच्याच होत्या."

भिंत पक्की हाय, असं ते म्हणाले असते तर मी पोरगी घेऊन परत गेले असते. पक्की हाय असं तर आमच्या घरातले बी म्हणायचे. सर तसं म्हणाले न्हाईत. त्यांनी रुमालानं मान पुसली आन म्हणाले, "मला तहान लागली. वर्गात माठ हाय, पण तो रिकामा हाय. तुमच्या रांजणातली एक घागर आणा."

मी गेले. पाणी मागितलं की आमच्यात न्हाई म्हणत न्हाईत. छबू पदर धरून माझ्यामागं आली, तशीच परत बी आली. मी घागर घेऊन दारापाशी आले आन सरांपुढं धरली. सरांनी हात मागं बांधले. म्हणाले, "आत ठिवा."

घागर जड होती. कंबरेवर घेऊन मी तशीच हुबी राहिले, सर बी हुबं राहिले. आत पोरं सगळी माझ्याकडं बघत होती. एक पोरगं म्हणालं, पाणी आलं. मंग मी आत गेले. चार पावलं असतील, पण मी वर आढ्याकडं बघितलं न्हाई, घागरीतल्या पाण्याकडंच बघत गेले. पाणी हलत होतं, ते मीच हलत होते म्हणून. कोपऱ्यात तिवईवर माठ होता, त्यात ओतलं. छबू पदर धरून आत आली होती. तिला मी आणलं असं न्हाई, ती पदरामागं आली.

सर म्हणाले, "अहो छबूताई, तो दाराजवळचा बाक तुमचा." त्या बाकावर कुणी बसलं न्हवतं. बाकीचे बाक भरले होते. ती जाऊन बसली आन पाटी मांडीवर घेतली. सरांनी माठातलं पाणी घेतलं, पहिला घोट तोंडात धरला. काही बोलले न्हाईत. सगळं प्याले आन गेले.

त्या दिवशी मी भाकऱ्या कशाबशा थापल्या. पाढ्यांकडं कान. खानावळीचा मालक म्हणाला, आज भाकरी जाड यायली. मी म्हणले, येऊ द्या.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा घागर घेऊन गेले. सरांनी सांगितलं न्हवतं, मीच गेले. कालचं पाणी ओतून ताजं भरावं म्हणून माठ तिरका केला. सर दारात होते. म्हणाले, "ओतू नका. ते रात्रभर ह्या भिंतीत राहिलंय. शिळं झालंय आता."

मी माठ सरळ ठिवला. वरून थोडं घातलं.

पुढं सर रिटायर झाले, पुढं गेले बी. माठ किती वर्षं मी भरला ते आठवत न्हाई, छबू त्या वर्गातून वर गेली तरी भरत होते. घंटा ऐकू यायची, हाक मात्र मारायची येळ आली न्हाई. छबू पुढं शिकली, ती डॉक्टर झाली न्हाई. तिचं बरं चाललंय.

पण छबू शाळेत गेली त्याच पावसाळ्यातलं सांगते. मी लगेच आत झोपले असं न्हाई. आदी कुलूप काढून एक कळशी भरून खोलीत ठिवली, सरपणाच्या बाजूला. सकाळी जाऊन बघितली. होती तिथंच होती. दुसऱ्या दिवशी बी बघितली. मंग सरपण हळूहळू बाहेर काढलं, झाडाखाली रचलं. आन पाऊस आला. सगळं भिजलं.

मालकीणबाई ओट्यावरून म्हणाल्या, "आता चूल कशाची पेटवणार गं?"

धूर लई झाला. पण पेटली.